पाचटाचा धूर

शिरोळ तालुक्यात माणसं वर्षातून दोनदा हलतात.

पहिल्यांदा श्रावणाच्या आगेमागे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. मग रिक्षाला कर्णा बांधून माणूस फिरतो. नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका; पाणी येईल का असं इथं कुणी विचारत नाही, आधी कुठल्या अंगानं येईल एवढंच विचारतात. नरसोबाच्या वाडीत तर देवही घर सोडतो. पाणी देवळात चढू लागलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी उतरलं की देव परत आपल्या जागी, आणि माणसं आपापल्या चिखलात.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची भाषणं होतात, कारखान्यांचे बॉयलर पेटतात, आणि एका सकाळी रस्त्याकडेच्या पडक रानात पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या दिसतात. बीडकडून रात्रीतून ट्रक आलेले असतात. त्यातून माणसं, हंडे, कोंबड्या, शेरडं आणि झोपलेली लेकरं उतरलेली असतात. यांच्यासाठी कर्णा फिरत नाही. यांना कुणी स्थलांतरित म्हणत नाही आणि नागरिक तर नाहीच. 'टोळी आली' म्हणतात.

मी या दोन्ही हंगामांत काम करते. कागदावर मी समुपदेशक आहे. आई त्याला 'गप्पांची नोकरी' म्हणते. नुसतं ऐकायचे पैसे मिळतात यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही. महिन्याच्या पगाराला ती दरवेळी विचारते, "बोलणाऱ्याला काय देतात मग?"

माझा जन्म कोपीतला. बाप ऊस तोडायचा. आई पाचट सोलून मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरायची. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून 'एक कोयता' होते. नवराबायकोतलं एक आजारी पडलं की उरलेला अर्धा कोयता. एका वर्षी पट्टा पडला, कारखाना बंद झाला, टोळी ट्रकात बसली, पण हे दोघं बसले नाहीत. घेतलेली उचल फिटली नव्हती. एका शेतकऱ्यानं ती मुकादमाला भागवली आणि त्यांना वस्तीवर सालानं ठेवून घेतलं, तरी पहिली काही वर्षं राहणं कोपीतच होतं. मी तेव्हा तान्ही होते. म्हणजे माझं गाव मी सोडलं नाही. ते मला मिळायच्या आधीच सुटलं.

शाळेत गेले तेव्हा कळलं की मी चुकीचं मराठी बोलते. घरात आम्ही 'गोधडी' म्हणायचो, वर्गातल्या पोरी 'वाकळ' म्हणायच्या. आमच्या घरात 'मपलं' आणि 'तुपलं' होतं. ते तोंडातून निसटलं की मागच्या बाकावरून हसू यायचं. सगळ्यांत अवघड होतं ते निराळंच. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, 'मी येतो', 'मी जेवलो', 'मी जातो बाजारला'. मी महिनाभर खालमानेनं सराव केला आणि एक दिवस घरातून निघताना आईला म्हणाले, "येतो मी." आई भाकरी थापता थापता थांबली. "पोरगी का पोरगा गं तू?" तेव्हापासून उंबऱ्याच्या आत 'येते' आणि बाहेर 'येतो'. एकाच भाषेत दोन माणसं होऊन राहायला मी सहाव्या वर्षी शिकले. पुढं ज्याला शिक्षणात मोठमोठी नावं मिळाली ते काम मला त्या उंबऱ्यावरच समजलं होतं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हाच पाठ केली होती. संध्याकाळी चुलीपुढं बसली की आईचे डोळे वाहायचे. ज्या वाटेनं ट्रक आला होता त्या वाटेकडं तोंड करून ती बसायची, पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा फुंकणी उचलायची. ती काही बोलायची नाही आणि मी काही विचारायची नाही. गाव सुटलं की माणसाचं काय होतं, हे मला त्या डोळ्यांवरून कळलं, असं मी धरून चालले.

हंगामात आठवड्यातून दोन दिवस मी कोप्यांवर जाते. भेटायला येणारी बाई कधीच 'मला उदास वाटतं' म्हणत नाही. अंगात कणकण आहे, डोकं धरतंय, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, असं सांगते. फार झालं तर 'करमत नाही.' हा शब्द मला फार शहाणा वाटतो. आपण 'मी रडते', 'मी चिडते' म्हणतो. पण 'मी करमत नाही' असं कुणी म्हणत नाही. 'मला करमत नाही' म्हणतात. करणारं कुणी नाही, म्हणून दोषही कुणाचा नाही. वारा पडावा तसं ते आपलं आपण होतं.

याच दुखण्याला एकेकाळी रीतसर रोगाचं नाव होतं. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं त्याच्यावर प्रबंध लिहिला. परत जाणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यानं 'नॉस्टॅल्जिया' हे नाव घडवलं. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकीकत आहे. पोरगा अंथरुणाला खिळला, जगायची आशा उरली नाही, म्हणून त्याला घरी न्यायचं ठरलं. आणि निघाल्यावर वाटेतच त्याला हुशारी वाटू लागली. बर्न ते बाझेल जेमतेम शंभर किलोमीटर. बालाघाटाचे डोंगर आमच्या कोप्यांपासून त्याच्या तिप्पट तरी लांब आहेत.

कोप्यांवर मी 'काय झालं वैनी' म्हणत नाही. 'काय झालं, माय?' म्हणते. त्या एका शब्दानं बाईची नजर वर येते. 'तुमी तिकडच्या का?' मी मान हलवते आणि तिचा आवाज खाली उतरतो, घरातल्यासारखा होतो. भाषेची ही किल्ली इतरांनाही सापडलेली आहे. तोबी नाथान हा मानसतज्ज्ञ १९४८ साली कैरोत एका ज्यू घरात जन्मला. १९५७ साली त्याच्या कुटुंबाला इजिप्त सोडावं लागलं आणि तो फ्रान्सला आला. पुढं पॅरिसजवळच्या साँ-दनीमध्ये त्यानं आफ्रिकेतून, अरब देशांतून आलेल्यांसाठी उपचारकेंद्र उभं केलं. तिथं रुग्णाला आपल्या मातृभाषेत बोलायला मिळे आणि ती भाषा जाणणारी माणसं बैठकीत बसत. हे वाचलं तेव्हा मला मोठा आधार वाटला. मला दुभाष्या लागत नव्हता. माझ्या तोंडातच दोन गावं होती.

याच आधारानं मला तोंडावर पाडलं.

२०१८ चा जानेवारी असेल. पंचविशीतली एक बाई, जवळ तीन वर्षांचं लेकरू. डोकं धरतं, झोप लागत नाही. मी तिच्या शेजारी उसाच्या मोळीवर बसले आणि विचारलं, "गावाकडची आठवण येते ना?"

"येती की."

मला तेवढं पुरलं. पुढच्या खेपांना आम्ही गावाबद्दलच बोललो. डोंगराची उतरण, बाभळी, हुरड्याचे दिवस, भगवानगडाचा दसरा. ती सांगायची, मी आणखी विचारायची. आठवड्यातून एकदा घरी फोन लाव असंही मी तिला सुचवलं. त्या भेटींनंतर मला फार बरं वाटायचं. तिनं पाहिलेलं आणि मी न पाहिलेलं गाव आम्ही दोघी मिळून रंगवत होतो. तिच्या डोक्याला मात्र उतार पडत नव्हता. मार्च उजाडला तसं ते वाढलंच.

एक दिवस तिनं उलट मलाच विचारलं, "ताई, औंदा पट्टा कवा पडतोय?"

"पडेल पंधरा-वीस दिवसांत. मग काय, गावाकडं."

तिनं लेकराला मांडीवरून उतरवलं आणि जमिनीकडं बघत बोलायला लागली. तिकडं घरात आठ माणसं. चूल सासूची, पैसा दिराच्या हातात. परसात जायचं तरी सांगून जायचं. "हितं कशी का असंना, कोपी मपली हाये. चूल मपली हाये. पाण्याचा हंडा कवा भरायचा ते मपलं मी ठरवते." पट्टा पडायला आला की दरसाल तिचं डोकं धरायचं.

मी विचारलं, "मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

ती थोडी हसली. "तुमाला गावाचं लई आवडत हुतं."

त्या रात्री माझीच झोप उडाली. कोपीत सुख भरलं होतं असं नव्हतं. पहाटे तीनला उठायचं, रात्री अपरात्री गाडी आली की भराईला पळायचं, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडायचा नाही. पुढच्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हे प्रकरण विधिमंडळात गाजलं, चौकशीला समिती नेमली गेली. हे सगळं तिच्याही वाट्याला होतंच. पण त्यात तिला एक चूल सापडली होती, आणि ती मला दिसली नाही. कारण त्या जागी मी आधीच दुसरी चूल मांडून ठेवली होती. माझ्या आईची.

सलमान अख्तर हे मनोविश्लेषक मूळचे उत्तर प्रदेशातल्या खैराबादचे. कवी जाँनिसार अख्तर यांचे चिरंजीव, जावेद अख्तर यांचे धाकटे भाऊ. १९७३ साली ते अमेरिकेला गेले आणि फिलाडेल्फियात राहून त्यांनी परदेशी आलेल्यांच्या मनावर जन्मभर काम केलं. स्वतः परदेशी असलेल्या मनोविश्लेषकाला कुठल्या अडचणी येतात यावर त्यांनी २००६ मध्ये एक लेख लिहिला. ऐकणारा आणि सांगणारा एकाच मुलखातले असले तर काय होतं, हे त्यात आलं आहे. दोघं मिळून मागं सुटलेल्या मुलखात रमतात आणि कामाचं बोलणं राहून जातं. जे एकाला दिसत नाही ते दुसऱ्यालाही दिसत नाही. आणि नव्या मुलखात एक जास्त मुरलेला, दुसरा कमी, ही दरीही असते. माझ्या मोळीवरच्या बैठकीत या तिन्ही गोष्टी ओळीनं घडल्या होत्या. तोवर मी समजत होते की माझं मूळ ही माझी खिडकी आहे. खिडकीच्या काचेत संध्याकाळी बाहेरचं दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं.

दरीचं तर मला भानच नव्हतं. मी 'माय' म्हणत होते, पण माझी स्कूटी बांधाला लावलेली असायची. मी त्यांच्यातली आहे हे मला पटलेलं होतं. त्यांना पटलेलं होतं की मी त्यांच्यातून सुटलेली आहे. एका पोरीनं तर सरळ विचारलं होतं, "तुमी कशा सुटलात, ताई?" मी शिक्षणाचं काहीतरी सांगितलं. खरं उत्तर असं होतं की मी 'येतो' म्हणायला शिकले आणि कॉलेजात कुणी गाव विचारलं तर 'शिरोळ' एवढंच सांगत राहिले. बीड हा शब्द मी फक्त कोप्यांवर काढत होते, कामापुरता. दुसऱ्याच्या मनातलं दडलेलं बाहेर काढायला निघालेली मी आपलं मूळ पर्समध्ये घालून फिरत होते.

त्यानंतर मी तो प्रश्न टाकून दिला. आठवण येते का, असं विचारलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं. नाही म्हणणारी बाई वाईट ठरते. आता मी झोपेचं विचारते. तिकडं कुठं झोपायचीस, इथं कुठं झोपतेस, जाग आली तर पहिलं काय दिसतं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा हा प्रश्न भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. नावा, ट्रॅक्टर, जिथं जे मिळेल त्यातून माणसं बाहेर आली आणि शाळांत, मंगल कार्यालयांत दाटीवाटीनं उतरली. ज्यांच्या रानात टोळ्या उतरायच्या ती माणसं आता वर्गांत सतरंज्यांवर होती. सगळ्यांच्या तोंडी घर आणि जनावरं. एक साठीच्या पुढची बाई, बागायतदार घरातली, तीन रात्री बसून होती.

"झोप कुठली लागतीया. नुसता पडून असतो बघा," ती म्हणाली.

"घरी कुठं झोपता, आक्का?"

तिला नवल वाटलं असावं. पाणी कुठंवर आलं, नुकसान किती झालं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. जरा वेळानं ती म्हणाली, "माजघरात. भिंतीला पाठ लावून. लगीन होऊन आलो तवापास्नं तितंच." मग वर्गाच्या मधोमध पसरलेल्या आपल्या सतरंजीकडं तिनं पाहिलं. "हितं पाठीला भितच न्हाई की."

आम्ही दोन बाकं सरकवली आणि तिची सतरंजी कडेला नेली. त्याला उपचार म्हणणं जड जाईल. पण ते मला सुचलं ते पुस्तकातून नव्हे. कोपीला भिंत नसते, पाचटाला टेकलं तर टोचतं. म्हणून आई रात्री माझ्या पाठीशी बाजरीचं पोतं लावायची. बाईला विचारण्याआधी मी ते पोतं तिच्यावर लादलं नाही, एवढाच काय तो फरक.

मनाच्या वैद्यांचा मूळपुरुष फ्रॉइड, तोही शेवटी असाच उठवला गेला. १९३८ च्या जूनमध्ये, ८२ व्या वर्षी, नाझींमुळे त्यानं व्हिएन्ना सोडली आणि तो लंडनला गेला. ज्याच्यावर पडून रुग्ण बोलायचे तो कोचही मागाहून तिकडं पोचला. तिथल्या घरात तो आजही आहे. त्यावर अंथरलेला गालिचा इराणमधल्या कश्काई लोकांचा. कश्काई म्हणजे मेंढरं घेऊन हिवाळा-उन्हाळ्याबरोबर मुलूख बदलणारी भटकी जमात. व्हिएन्नाची बडी माणसं आपली दुःखं सांगायला आडवी व्हायची ती भटक्यांच्या विणीवर. त्याचा फोटो पाहिला तेव्हा मला आमची गोधडी आठवली. शिरोळात जिला वाकळ म्हणतात ती.

सतरंजी कडेला नेल्यावर ती आक्का भिंतीला टेकली आणि मला म्हणाली, "बस की, उभी का? तू कुठली गं मूळची?"

मी शिरोळ म्हणणार होते. ओठांवर आलंही होतं.

"बीडकडची. आईबाप ऊसतोडीला आलेले."

ती गप्प झाली. मला वाटलं, आता पुन्हा 'तुमी' सुरू होणार. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. खूप वेळानं ती म्हणाली, "आमच्या रानातबी यायच्या टोळ्या." आणि मग, "कोपीत थंडी लई वाजत आसंल न्हाई?"

इतक्या वर्षांत शिरोळच्या माणसानं हे मला पहिल्यांदा विचारलं होतं.

"वाजायची," मी म्हणाले. त्यापुढं दोघींनाही काही सुचलं नाही. तिनं सतरंजीवर थोडी सरकून जागा केली.

परवा आईजवळ बसले होते. तिचं आता वय झालं. वस्ती सुटली, गावात दोन खोल्या झाल्या, गॅस आला. तरी अंघोळीचं पाणी ती मागच्या दारी चुलीवरच तापवते. मला एकदम जाणवलं की गेली कित्येक वर्षं मी जगाला झोपेचं विचारत फिरते आणि आईला मी कधीच काही विचारलेलं नाही. तिचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं ना.

"आई, कोपीत असताना तू रोज सांजच्याला रडायचीस. आठवतं?"

"कोण, मी?"

"चुलीपुढं. ट्रकच्या वाटेकडं तोंड करून."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग हसायलाच लागली, पदर तोंडाला लावून. "अगं, वारा उलट्या अंगानं यायचा. तिकडं तोंड करावं तर जरा तरी कमी लागायचा." आणि चुलीत लाकूड सारत म्हणाली, "पाचटाचा धूर लई वाईट, माय. डोळे जाळतो."

ती एवढंच म्हणाली. खरं असेल. नसेलही. पुढं काय विचारायचं याचं मला रीतसर शिक्षण मिळालेलं आहे. मी काही विचारलं नाही. पाण्याला आधण आलं होतं. आईनं पदरानं हंडा धरला, दुसरीकडून मी धरला, आणि आम्ही तो उतरवला.